पाहुण्याचं दुसरं तोंड

माझे बाबा काटोलच्या बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपली होती आणि हातात संत्र्याचं कलम. टोपलीत आमच्या वाडीतली माती होती, शेणखत मिसळलेली, वरून ओलं पोतं टाकलेलं. लग्नात सासूबाई सहज बोलून गेल्या होत्या, की संत्र्याच्या वाडीतली सून केली, पण आमच्या अंगणात संत्र्याचं एक झाड नाही. बाबांनी ते मनात धरून ठेवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट, आखाड महिन्यातली.

"माती काहून आणली, इवाई? नागपुरात काय माती नाई?" सासूबाई म्हणाल्या.

"हाये नं. पण कलमाले वळखीची माती पाहिजे, इहीनबाई. नव्या जागी एकदम जीव धरत नाई ते."

बाबा जेवले, पान खाल्लं आणि दिवेलागणीच्या बसने परत गेले. कलम लावायचं राहिलं, कारण खड्डा आमचे हे खणणार होते आणि त्यांची गिरणीत दुसरी पाळी होती. टोपली मागच्या अंगणात भिंतीलगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीवर पाणी शिंपडावं म्हणून मी पोतं उचललं, तर माती हलली. आधी वाटलं उंदीर असेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इतवारीच्या व्यापाऱ्यांची धान्याची गोदामं होती आणि तिथले उंदीर आमच्याकडे हक्काने येत. पण मातीतून जे वर आलं तो उंदीर नव्हता. माझ्या मनगटाएवढा जाड, काताच्या वडीच्या रंगाचा, गुळगुळीत असा एक साप होता. लांबी हातभराहून थोडी जास्त. त्याची दोन्ही टोकं सारखीच बोथट होती, लाटण्याची असतात तशी.

मी ओरडले नाही. धीट होते म्हणून नाही. मला ओरडायची सवयच नव्हती. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण गुरुजींनी विचारलेलं येत असूनसुद्धा माझ्या तोंडून उत्तर निघायचं नाही. सासरी आल्यावर तर मी सगळं मानेनेच बोलायची. हो असेल तर खाली, नाही असेल तर बाजूला. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सून लय गुणाची हाये आमची. फक्त तोंड माहेरी इसरून आली."

मी आत गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

त्या बाहेर आल्या, वाकल्या आणि त्यांनी एकदम हात जोडले. "अवं माय! दुतोंड्या!"

मांडुळाला आमच्याकडे दुतोंड्या म्हणतात. दोन्हीकडे तोंडं असलेला साप, असं सगळे समजतात. तो शब्द ऐकून आमचे हे झोपेतून उठून आले आणि साप पाहून थेट धुण्याच्या दगडावर चढले. गिरणीत कापडाच्या गाठी उचलणारा माणूस, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात शंकराच्या गळ्यात नाग असला तरी ते महिनाभर त्या भिंतीला पाठ करून जेवायचे.

"आई, सोडून ये नं त्याले नाल्यापाशी," ते दगडावरून म्हणाले.

"तुह्या सासऱ्यानं आणला. तू सोड."

तेवढ्यात शेजारच्या काकींचं डोकं भिंतीवर दिसलं. काकींना आमच्या अंगणातलं सगळं आमच्याआधी कळायचं. "काय वं, इवायानं आंदण बाकी ठिवलं होतं काय? साप देल्ला काय आंदणात?" आणि मग मला म्हणाल्या, "पोरी, दूर हो. दुतोंड्या चाटला तं आंग पांढरं होते."

"चाटाले त्याले काय तू आंब्याची कोय वाटली काय?" सासूबाई त्यांना म्हणाल्या. काकी हसल्या, पण डोकं खाली गेलं नाही.

इथे सासूबाईंचं सांगायला हवं. त्या दर वर्षी नागद्वारला जायच्या. पचमढीच्या डोंगरात ते ठिकाण आहे. नागपंचमीच्या आधी नागपूरची माणसं मंडळामंडळाने निघतात आणि डोंगर चढत-उतरत गुहेतल्या देवाला जातात. ओळीत चालताना एखादा साप वाट ओलांडत असला तर तो जाईपर्यंत सगळी मंडळी हात जोडून उभी राहतात, असं त्या सांगायच्या. अशा बाईच्या दारात, नागपंचमी तोंडावर आली असताना, साप आला होता. आणि तो आला होता सुनेच्या माहेरच्या मातीतून.

त्यांनी कमरेवर हात ठेवून थोडा विचार केला. मग न्याय दिल्यासारखं बोलल्या.

"माहेरच्या टोपलीतून आला म्हंजे पाहुणा झाला. माह्या घरून आजवर पाहुणा उपाशी गेला नाई. याले जेवू घालू. ज्या दिवशी जेवंल, त्या दिवशी नाल्यापल्याड नेऊन सोडजो. तवरोक राहू दे."

झालं. त्या दिवसापासून घरात सगळे त्याला पाहुणाच म्हणायला लागले.

मानेपासून फुटलेला एक जुना रांजण अंगणाच्या कोपऱ्यात अर्धा पुरलेला होता. मी त्यात माहेरची थोडी माती आणि थोडी वाळू भरली. टोपली रांजणावर कलती केली तर पाहुणा मातीसकट हळूच आत उतरला. मी त्याला हात लावला तो तेव्हाच, टोपलीला चिकटून बसला होता म्हणून. मला वाटलं होतं ओलसर, बुळबुळीत लागेल. पण तो सुपारीसारखा गार आणि कोरडा होता. माझ्या हाताला त्याने एक सैल वेढा घातला आणि तसाच थांबला. मीही थांबले. रांजणावर झाकायला बाबांचीच टोपली उपडी ठेवली.

मग प्रश्न आला, की वाटी कोणत्या तोंडापुढे ठेवायची.

"दुतोंड्याचं असं असते," सासूबाई म्हणाल्या, "सहा महिने या तोंडाचं चालते अन् सहा महिने त्या तोंडाचं."

"म्हंजे पाळी हाये याची!" आमचे हे दगडावरून खाली उतरले होते, पण उंबरठ्याच्या आतच उभे होते. "आता कोन्ती पाळी चालू हाये? पहिली का दुसरी?"

"तूच इचार त्याले. तुह्याच गिरणीतला हाये."

शेवटी असं ठरलं, की जे टोक मातीच्या वर येतं ते सध्याचं तोंड. पाहुणा एक टोक मातीत खुपसून बसायचा आणि दुसरं थोडं उचलून धरायचा. त्या उचललेल्या टोकापुढे सासूबाईंनी दुधाची वाटी ठेवली, ज्वारीच्या लाह्या ठेवल्या, आणि "जेव रे बाप्पा" म्हणून हात जोडले.

मी त्याच्याशी कधी बोलायला लागले ते आता आठवत नाही. दुपारी हे गिरणीत असायचे, सासूबाई आतल्या खोलीत पडायच्या. मी भांडी घासून झाली की रांजणापाशी बसायची, टोपली बाजूला करायची आणि आधी नुसतं "पाणी बदलते" असं सांगायची. मग हळूहळू जास्त बोलायला लागले. आमच्या वाडीतल्या विहिरीचं सांगितलं, तिच्यात बाराही महिने पाणी असतं आणि पायऱ्यांवर कबुतरं बसतात. माझ्या धाकट्या बहिणीचं सांगितलं, ती झोपेत माझी वेणी धरून ठेवायची. इथली माणसं किती भरभर बोलतात, आपण उत्तर जुळवेपर्यंत दुसऱ्याच गोष्टीवर गेलेली असतात, हेही सांगितलं. तो ते टोक उचलून स्थिर धरायचा. मधेच बोलणं तोडत नसे, हसत नसे. मला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतो हा. आमच्या गुरुजींनी असं कान देऊन ऐकलं असतं तर मी पाचवीत गेले असते.

चार दिवसांनी सकाळी सासूबाईंनी टोपली उचलली आणि आनंदाने हाक मारली. लाह्या संपल्या होत्या.

"जेवला! पाहुणा जेवला! ऊठ रे, पोतं आण, चाल!"

मी धावत गेले आणि रांजणात वाकून पाहिलं. दुधावर साय तशीच होती. आणि वाटीभोवती काळे बारीक दाणे पडले होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी चष्मा आणवला, लावला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ह्या तं उंदराच्या लेंड्या होत."

"म्हंजे पाहुण्याच्या घरी पाहुणा जेवून गेला," आमचे हे म्हणाले. पोतं मात्र त्यांनी फार लगबगीने परत ठेवलं.

त्यानंतर जे दिवस आले ते मला नीट आठवतात, कारण मला तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एकमेकींना मारक होत्या. पाहुणा जेवला असता तर गेला असता. न जेवता राहिला असता तर मेला असता. आणि तो काही खात नव्हता. त्याच्या अंगावरचा तजेला गेला. काताचा रंग जाऊन धुळीत लोळल्यासारखा फिका दिसायला लागला. बाहेर काढलेलं टोकही आत घ्यायला लागला. मी रांजणापाशी बसून म्हणायची, जेव रे बाबा. आणि लगेच म्हणायची, आज नको, उद्या जेव.

घरातल्या सगळ्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. सासूबाईंनी दुधात साखर घातली. मग गोडभात केला, तो शेवटी आम्हीच खाल्ला. काकींनी भिंतीवरून कोंबडीचं अंडं दिलं. नागद्वारला जायच्या आधी महिनाभर आमच्या घरात अंडं यायचं नाही, म्हणून सासूबाईंनी तिकडे पाठ केली आणि मला म्हणाल्या, "मी पाह्यलं नाई. ठिव तू." अंडं दोन दिवस रांजणात गरीब बिचाऱ्यासारखं पडून राहिलं. आमच्या ह्यांनी गिरणीत सगळ्या खात्यांत विचारून पाहिलं.

"काय म्हणतेत मग?" सासूबाईंनी विचारलं.

"सूतखात्यातले म्हणतेत माती खाते. रंगखात्यातले म्हणतेत हवा खाते. अन् आमचा जॉबर मुकादम म्हणते, त्याच्या मामाच्या घरी होता तो चहा पेत होता."

आम्ही चहाही ठेवून पाहिला. खोटं नाही सांगत.

नागद्वारला निघायचा दिवस जवळ येत होता. मंडळातल्या बायका येऊन सांगून गेल्या, की चटणी-पोळ्यांची तयारी करा, चादर घ्या, काठी घ्या. सासूबाई त्यांच्याशी नीट बोलेनात. संध्याकाळी अंगणात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "उपाशी साप घरात ठिवून नागद्वारले जाऊ? कोन्या तोंडानं जाऊ मी तिथी?"

"तुले दोन असते तं बरं झालं असतं, आई," आमचे हे म्हणाले.

एरवी त्यांनी पोराला हाणलं असतं. त्या दिवशी नुसत्या रांजणाकडे पाहत राहिल्या. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की सासूबाईंनाही माझ्यासारखीच काळजी लागली आहे.

एके सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, मी टोपली उचलली तर मातीवर काहीतरी पांढुरकं पडलं होतं. कांद्याच्या सालासारखं पातळ. पाहुण्याने कात टाकली होती. आणि तो स्वतः बाजूला वेढा घालून बसला होता, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखा लखलखीत. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच चिखलात बसले. मग कात उचलून धुण्याच्या दगडावर पसरली आणि बोटांनी सरळ करत गेले.

एका टोकाला ती उघडी होती, ओठ फाटल्यासारखी. त्या टोकाशी मोहरीच्या दाण्याएवढ्या दोन गोल जागा होत्या, काचेसारख्या पारदर्शक. ते डोळे होते. म्हणजे डोळ्यांवरचं साल. मी दुसऱ्या टोकाकडे गेले. तिथे डोळे नव्हते. उघडी जागा नव्हती. ते टोक शिवलेल्या पिशवीच्या कोपऱ्यासारखं बंद होतं.

मी कातीकडे पाहिलं आणि रांजणात पाहिलं. पाहुण्याने सवयीप्रमाणे एक टोक वर उचललेलं होतं आणि दुसरं मातीत खुपसलेलं होतं. मी खाली वाकून त्या उचललेल्या टोकाकडे अगदी जवळून पाहिलं. ना डोळा, ना तोंड. इतके दिवस आम्ही शेपटीपुढे वाटी ठेवत होतो. सासूबाई शेपटीला हात जोडत होत्या. आणि मी माझ्या विहिरीचं, बहिणीचं, सगळ्या माहेराचं एका शेपटीला सांगत होते, आणि ती किती लक्ष देऊन ऐकते याचं मला कौतुक वाटत होतं!

मला हसू फुटलं. साधं नाही, मोठ्याने, पोट धरून.

आतून आवाज आला, "कोन हसलं वं?"

मी कसंबसं म्हणाले, "मी."

"तू?" सासूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या. "मले वाटलं शेजारीन."

कात पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "कात टाकत होता व्हय! म्हनून जेवत नव्हता माहा बाप्पा!" त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि कात उचलून उजेडात धरली. एका टोकावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या टोकावरून फिरवलं. दुसऱ्या टोकाशी त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मी पाहत होते. त्यांनी घडी घालून कात देवापाशी ठेवली आणि पोळ्या लाटायला गेल्या. त्या दिवशीही वाटी त्यांनी शेपटीपुढेच ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशीची पहाट. ह्यांची आता पहिली पाळी होती. भोंगा होऊन ते गेले आणि मी पाणी भरायला मागे आले. टोपलीखाली खुडखुड ऐकू आली. मी हळूच टोपली कलती केली. एक उंदीर लाह्यांवर बसून मजेत खात होता, पाहुण्याच्या शेपटीला टेकून. शेपटी जागची हलत नव्हती. मग त्याच्या मागची माती अगदी थोडी उचलली गेली आणि खरं तोंड बाहेर आलं. पुढचं इतक्या लवकर झालं की मला दिसलंच नाही. दिसला तो फक्त वेढा. एक वेढा, त्यावर दुसरा. खुडखुड थांबली. मग त्याने सावकाश, कसलीही घाई न करता, जेवायला सुरुवात केली. लग्नाच्या पंगतीत म्हातारी माणसं जेवतात तसं.

माझ्यामागे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. जेवण आटोपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. उंदराची शेपूट आत गेल्यावर त्यांनी हात जोडले.

"नागद्वार तोंडावर हाये," त्या हळू म्हणाल्या. "पण आपुन नाई देल्ला. त्याचा त्यानं घेतला."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की अमक्यांच्या घरचा दुतोंड्या जेवला. मंडळातल्या बायका सामानाचं सांगायला आल्या होत्या, त्यांना सासूबाईंनी रांजण दाखवला. काकी भिंतीवर होत्याच. हे पाळीवरून आले, त्यांना उंबरठ्यातच बातमी कळली. सगळं अंगण भरलं होतं आणि सगळे आनंदात होते, एक मी सोडून.

"बरं झालं बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "जीव भांड्यात पडला. आता मी मोकळी झाली जायाले. उद्या सकाळी माही गाडी हाये. त्याच्या आंधी याले नाल्यापल्याड सोडून ये." हे शेवटचं आमच्या ह्यांना.

इतक्या बायका पाहत होत्या म्हणून आमच्या ह्यांनी छाती काढली. पोतं आणलं. सुतळी आणली. पोत्याचं तोंड उघडून रांजणापासून बरेच लांब उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू उचल वं. मी पोतं धरतो."

मी रांजणापाशी गेले. टोपली काढली. पाहुणा पोट भरून सुस्त पडला होता, मधे फुगलेला, एक टोक नेहमीसारखं वर. त्याच्या शेपटीला मी सगळं सांगितलं होतं. आता ती नाल्यापल्याड जाणार होती.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं.

"काय वं?"

"एकच तोंड जेवलं." मी त्या वर उचललेल्या टोकाकडे बोट दाखवलं. "हे दुसरं उपाशीच हाये नं."

भिंतीवरून काकी अशा हसल्या की त्यांचा पदर आमच्या बाजूला पडला. आमच्या ह्यांच्या हातातलं पोतं गळून पडलं. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. चष्म्याच्या वरून, डोळे बारीक करून. मला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार.

"याची पाळी कवा येते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तं सांगितलं. सहा महिन्यानं."

"हो," त्या म्हणाल्या. "मीच सांगतलं होतं." मग पोराकडे वळल्या. "उभा काहून हायेस? पाहुण्याले अर्ध्या जेवणावरून उठवते का कोनी? ठिव ते पोतं घरात."

आमच्या ह्यांना पोतं घरात ठेवायला कधी इतका आनंद झाला नसेल.

"काय वं," काकी डोळे पुसत म्हणाल्या, "तुही सून तं तोंड माहेरी इसरून आली होती नं?"

"आलं वाटते काटोलच्या बसनं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या काठी घेऊन, डोक्याला फडकं बांधून निघाल्या, आणि गाडीत बसेपर्यंत मला सांगत होत्या, की लाह्या रोज नव्या ठेवजो, वाटी धुजो, वाळू ओली होऊ देऊ नको. डोंगरावरून आल्या तेव्हा पाय सुजलेले होते, आवाज बसला होता. प्रसादाची पुडी माझ्या हातात द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "ते तोंड जेवलं काय?"

मी मान बाजूला हलवली. मग आठवण झाली म्हणून तोंडाने म्हणाले, "नाई, आत्याबाई."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी त्या शेपटीपुढे लाह्या ठेवायच्या. लाह्यांसाठी उंदीर यायचे. उंदरांसाठी मातीतलं तोंड वर यायचं, सगळ्याच दिवशी नाही, त्याला भूक असेल तेव्हा. गोदामाशेजारच्या सगळ्या घरांत पोत्यांना भोकं पडायची, आमच्या घरात पडेनाशी झाली. काकींनी तर एकदा विचारलंही, की तुमच्या पाहुण्याले चार दिवस आमच्याकडं धाडता का. संध्याकाळी सासूबाई अंगणात बसल्या की विचारायच्या, "जेवलं का वं ते तोंड?" मी "नाही" म्हणायची. आणि मग "नाही" नंतर आणखी काहीतरी बोलायची. बाजारात काय पाहिलं, भाजीवाली काय म्हणाली, कलमाला नवी पालवी कशी आली. सहा महिने झाले, पुढचे सहाही झाले. ते तोंड काही जेवलं नाही, आणि पाहुणा काही गेला नाही.

कलम आम्ही रांजणाच्या शेजारीच लावलं होतं, उरलेल्या माहेरच्या मातीत. झाडाने जीव धरला. काही वर्षांनी एका पावसाळ्यात त्याच्या मुळांनी रांजण एका बाजूने फुटला आणि पाहुणा आपणहून झाडाच्या बुंध्याशी भुसभुशीत मातीत राहायला गेला. अंगणाबाहेर गेला नाही. सकाळी आळ्यात पाणी सोडलं की कधी एक टोक वर यायचं, कधी दुसरं. तोवर आमच्या ह्यांची भीतीही इतकी गेली होती, की ते झाडापासून दोन हातांवर खाट टाकून झोपायचे.

झाडाला पहिली चांगली संत्री लागली त्या हिवाळ्यात मी आणि सासूबाई उन्हात बसून सोलत होतो. त्यांना आता कमी दिसायचं. बुंध्याशी लाह्यांची वाटी होती, ती मी ठेवली होती.

"त्या शेपटाले लय लाह्या चारल्या वं आपुन," त्या म्हणाल्या.

मी फोड तोंडात टाकता टाकता थांबले. "तुम्हाले माहीत होतं?"

"डोळे नव्हते त्या टोकाले. मी काय आंधळी होती तवा?" त्यांनी बी थुंकली. "अन् तू तं लेकी आख्खी काटोलची वाडी त्याले सांगितली. तुह्या बहिणीचं, कबुतराचं, सारं."

"तुम्ही तं दुपारी झोपत होत्या नं!"

"झोप कुठची आली. पडून राहत होती मी. तुहा आवाज आयकाले."

हातातल्या संत्र्याच्या दोन फोडी मी त्यांच्या हातावर ठेवल्या आणि नुसती मान हलवली.

"पाह्य रे," त्या झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पुन्हा मुकी झाली."